ट्यूबलेसचे नऊ महिने: बाभळीला पुरून उरलं, मे महिन्यापुढे टेकलं

मेळघाटात घटांगच्या पुढे सेमाडोहकडे उतरताना सायकलचं मागचं चाक बसलं ती तारीख माझ्या वहीत आहे: ९ मे. भोकात प्लगची रबरी पट्टी घातली, हवा भरली, पुन्हा बसलं. व्हॉल्व्हची कोर, म्हणजे आतली बारीक झडप, काढली, चाक कानाशी धरून हलवलं, तर आत काहीच डुचमळेना. १ एप्रिलला मी स्वतः मोजून १०० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं लॅटेक्सचं पांढरं द्रव, ओतलं होतं. ३८ दिवसांत थेंब उरला नव्हता. तोवर मी भेटेल त्याला ट्यूब काढून टाक, नुसत्या टायरात हवा आणि सीलंट भर, ट्यूबलेस करून घे म्हणून सांगत होतो, त्यामुळे आता पूर्ण हिशोब लिहिणं मला भाग आहे.

सायकल साधी हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), २९ इंची चाकं, २.२५ चे टायर, रिम ट्यूबलेस-रेडी. माझं वजन ६८ किलो. तयारी चालू आहे हिमाचलातल्या बहुदिवसीय एमटीबी (माउंटन बाइक) शर्यतीची. सराव मात्र परतवाड्याच्या आसपासच्या पांदणांवर आणि आठवड्यातून एकदा चिखलदऱ्याच्या चढावर. पांदण म्हणजे काटे. धुऱ्यावर बाभळीच्या, बोरीच्या फांद्या कुंपणाला टाकतात, त्या बैलगाडीला अडकून रस्त्यावर येतात, आणि वेडी बाभूळ तर दोन्ही बाजूंनी आपणहून उगवलेली असते. ट्यूब होत्या तेव्हा चार महिन्यांत १७ पंक्चर झाले. एका ट्यूबला इतके ठिगळ की पंक्चरवाल्याने शेवटी हात जोडले.

घरच्या सरावात पंक्चर म्हणजे फक्त कंटाळा. टप्प्यांच्या शर्यतीत तेच अंगाशी येतं. हातपंपाने ट्यूब बदलायला मला बारा मिनिटं लागतात. दिवसाला दोन पंक्चर धरले तर चार दिवसांत दीड तासाच्या वर वेळ रस्त्याच्या कडेला बसून जातो, आणि वेळेच्या मर्यादेत टप्पा संपला नाही तर शर्यतच संपते. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकमध्ये जोडीने उतरावं लागतं आणि दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नसतं, म्हणजे तिथे एकाचं पंक्चर हे दोघांचं. हे वाचल्यावर मी दिवाळीनंतर लगेच खर्च केला.

सुरुवातच वाईट झाली. अमरावतीच्या एका दुकानात बसवून घेतलं, तर रोज सकाळी चाक अर्धं बसलेलं. साबणाचं पाणी लावलं की स्पोकच्या निपलपाशी बुडबुडे. दोनदा पन्नास किलोमीटर गेलो, दोनदा मजुरी दिली, दोनदा उत्तर मिळालं की सीलंट "सेट" व्हायला वेळ लागतो. तिसऱ्यांदा मी घरीच टायर उतरवला आणि पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं. रिमची आतली रुंदी ३० मिमी, आणि स्पोकची भोकं झाकायला लावलेला टेप २५ चा. टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी तरी जास्त हवा, दोन्ही कडांपर्यंत चढलेला. दुकानदाराला फोटो पाठवला, पैसे परत मागितले, उत्तर आलं नाही. ३२ चा टेप मागवून मी स्वतः लावला. रिम स्पिरिटने पुसली, टेप ताणून बसवला, व्हॉल्व्हचं भोक तापलेल्या सुईने पाडलं. टायर रिमवर बसवायला पायपंप पुरला नाही, पण परतवाड्याच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कोर काढून हवा सोडली आणि दोनदा टक्‌ टक्‌ आवाज येऊन टायर बसला. त्याने वीस रुपये घेतले. ज्याला वॉरंटी म्हणतात ती मला त्या माणसाकडे मिळाली.

त्यानंतर हिवाळाभर सुख. डिसेंबर ते मार्चअखेर एकही थांबा नाही. काटा घुसतो, पांढरा फेस येतो, चाक चार फेरे फिरतं, बंद. आणखी एक फायदा मला अपेक्षित नव्हता. ट्यूब असताना पुढे हवेचा दाब ३२ पीएसआय ठेवावा लागे, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटायची. आता पुढे २२, मागे २४. चिखलदऱ्याहून उतरताना सुट्या गिट्टीवर टायर चिकटून चालतो आणि तीन तासांनंतर मनगटं दुखत नाहीत. सलग दिवस चालवायचं असेल तर मनगटं वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे.

मग ९ मे. सलग तीन दिवसांच्या सरावाचा तो तिसरा दिवस होता, पाय भरलेले. सीलंट नाही म्हटल्यावर जवळची ट्यूब टाकली. दोनशे मीटरवर फुस्स. दुसरी टाकली, तीही गेली. शेवटी काळीपिवळीच्या टपावर सायकल टाकून परत आलो आणि तसाच पंक्चरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, दूध हाय तवर काटे असेच राहू द्या. पर ट्यूब टाकाची असन तं आतून हात फिरवून पाहा लागते." आम्ही दोघांनी पक्कड घेऊन टायर आतून तपासला. ४१ काटे निघाले. एकेचाळीस! चार महिने सीलंट ते सगळे मुकाट्याने धरून बसलं होतं आणि मला एकही कळला नव्हता. तिथे उभ्या उभ्या माझा अर्धा राग गेला.

उरलेला अर्धा बाटलीवरच्या छापील मजकुराचा. त्यावर लिहिलंय, "दोन ते सहा महिने." कुठल्या हवेत, ते नाही. लॅटेक्समधलं पाणी टायरच्या कापडातून उडतं, आणि आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. माझा हिशोब असा: अडीचशे मिलीची बाटली ६५० रुपयांना. हिवाळ्यात दोन्ही चाकांना मिळून १८० मिली ऐंशी दिवस गेलं, दिवसाला सहा रुपये. उन्हाळ्यात २०० मिली ३८ दिवस, म्हणजे जवळजवळ चौदा रुपये रोज. एवढ्यात गड्याचा दोन वेळचा चहा होतो.

यावर उपाय म्हणून मोटारसायकलच्या टायरचं हिरवं द्रव घालून पाहिलं, कारण ते स्वस्त आणि वाळत नाही. नका करू. त्यात तंतू असतात, ते भोकात अडकून हवा थांबवतात, पण कमी दाबाच्या सायकल टायरच्या कडेतून होणारी बारीक गळती त्याला थांबवता आली नाही, चाक जड झालं आणि धुताना अख्खी सकाळ गेली.

खरा उपाय आईने सांगितला. सायकल मी टिनाच्या शेडमध्ये ठेवायचो. ती म्हणाली, "मे महिन्यात आपण कांदेही टिनाखाली ठेवत नाही, अन् तू हे रबराचं दूध ठेवतं?" सायकल माजघरात आली, माठाच्या बाजूला. शिवाय एकदम शंभर ओतणं बंद करून दर तीन आठवड्यांनी ३० मिली. जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत एकदाही कोरडं पडलं नाही. म्हणून माझं मे महिन्यातलं मत मी बदलतो: सीलंट चांगलंच आहे, त्याला सावली हवी, आणि बाटलीवर उष्ण प्रदेशाचा आकडा छापायला हवा.

दाबाचंही लक्षात ठेवा. पहाटे २२ भरलेलं भर दुपारी २४ दाखवतं. उंचीवर बाहेरची हवा विरळ होते, म्हणून हिमाचलातल्या जलोरी खिंडीसारख्या सुमारे ३,१२० मीटर उंचीवर तेच चाक चार-साडेचार पीएसआय जास्त कडक होईल, पण तिथली थंडी त्यातलं बरंच परत घेईल. घरून भरून नेलेल्या दाबावर विसंबू नका, रोज टप्प्याआधी गेजने मोजा. आणि चाक फुगवायला कार्बन डायऑक्साइडची नळी वापरणार असाल तर आधी सीलंटची माहिती वाचा. काही लॅटेक्स त्या थंड वायूने गोठून गोळा होतं. मी हातपंपच नेणार आहे.

पावसाळ्यात काळ्या मातीत ट्यूबलेसचा काही संबंध नाही, तिथे कोणताही टायर दहा मीटरमध्ये जात्याएवढा होतो. तेव्हा डांबरी घाटावरच सराव करा.

शर्यतीच्या पिशवीत आता एक ट्यूब, प्लगच्या सहा पट्ट्या, छोटी पक्कड, दोन जास्तीच्या व्हॉल्व्ह कोर आणि ६० मिलीची बाटली आहे. दर रविवारी कोर काढून केबल टाय आत घालतो आणि ओल किती लागते ते बघतो, विहिरीत दोर सोडून पाणी बघतात तसं. काल मागच्या चाकात दोन सेंटिमीटर लागली, पुढच्यात जेमतेम एक. पुढच्यात ३० मिली घातलं आणि वहीत तारीख टाकली.