थ्रिप्सची पिल्लं: मिरचीतली पिवळी, काजूवरची लाल पट्ट्याची, आणि जी थ्रिप्सच नाहीत ती

नुसतं पिल्लू बघून थ्रिप्सची, म्हणजे फुलकिड्यांची, जात छातीठोक सांगणारा कुणी बांधावर भेटला तर त्याचं फार मनावर घेऊ नका. पण फवारा थ्रिप्सचा मारायचा की कोळीनाशक (कोळी म्हणजे इथं माइट), एवढं पिल्लावरून नक्की ठरतं आणि बहुतेक वेळा आपल्याला तेवढंच हवं असतं. १० किंवा २० एक्सचं भिंग घ्या, मोबाईलची मॅक्रो लेन्सपण चालते.

सगळ्यात जास्त घोळ मिरचीत. पान आकसलं की आपण चुरडा-मुरडा म्हणून मोकळे होतो, पण मागे थ्रिप्स असतात, पांढरे कोळी असतात नाहीतर व्हायरस, कधी सगळेच एकदम. थ्रिप्सनी पानाच्या कडा वर वळतात, कोळ्यांनी खाली वळतात आणि देठ लांबतो. शेंड्याचं कोवळं पान उलगडून खालच्या बाजूला शिरेजवळ बघा. लांबुळकं, फिकट पिवळं, मिलिमीटरच्या आतलं, सहा पाय, पुढं दोन आखूड मिशा, डोळे म्हणजे लाल ठिपके आणि पंखांचा पत्ता नाही, असं दिसलं तर थ्रिप्सचं पिल्लू. कोळी त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक, ०.२ मिमीच्या आसपास, जवळजवळ पारदर्शक, आणि नुकताच निघालेला असला तर त्यालाही सहाच पाय असतात, म्हणून नुसते पाय मोजून फसू नका. अंडी दिसली तर विषयच संपला, कारण पांढऱ्या कोळ्याच्या अंड्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात आणि या थ्रिप्सची अंडी पानाच्या आत टोचलेली, ती दिसतच नाहीत. तुडतुड्याचं पिल्लू तर तिरकं पळतं, ते लगेच कळतं.

काजूवर काम सोपं. कोकण-गोव्यात जुन्या पानाखाली पिवळं पिल्लू, पोटाच्या सुरवातीला लालभडक पट्टा, शेपूट वर उचललेलं आणि टोकाच्या केसांमध्ये विष्ठेचा थेंब धरलेला, हे दिसलं की सेलेनोथ्रिप्स रुब्रोसिंक्टस. पान चंदेरी पडतं, त्यावर काळे चकचकीत डाग. मोठा किडा मात्र काळा होतो, म्हणजे इथं पिल्लूच जास्त बोलकं. एरंडी, द्राक्ष, गुलाबावर अख्खी लाल पिल्लं दिसली तर ते दुसरं, रेटिथ्रिप्स सिरियाकस.

खरी अडचण पिवळ्यांची. सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस, थ्रिप्स पाल्मी, कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी, ब्लॅक थ्रिप्स, सगळ्यांची पिल्लं भिंगातून सारखीच पिवळी. कांद्यावर पीक बघूनच अंदाज येतो, मिरचीत तसं होत नाही. ब्लॅक थ्रिप्स, म्हणजे थ्रिप्स पार्विस्पायनस, भारतात पहिल्यांदा २०१५ मध्ये बंगळुरूला पपईवर नोंदला गेला आणि २०२१ ला आंध्र-तेलंगणात मिरचीची वाट लावून गेला. म्हणून मिरचीत पिल्लाकडं बघत बसण्यापेक्षा फूल पांढऱ्या कागदावर झटका. गडद तपकिरी मोठे किडे पडले तर ब्लॅक थ्रिप्सचा संशय धरा, शेंड्यात फिकट पिवळे आणि गडद पंखांचे दिसले तर डॉर्सालिस.

टोमॅटो किंवा कलिंगडात शेंडेमर (शेंडा वाळवणारा व्हायरस रोग) असेल तर मात्र पिल्लांकडं दुर्लक्ष परवडत नाही, कारण तो व्हायरस किड्याच्या अंगात शिरतो तो पिल्लू असतानाच आणि पसरवतो मोठा झाल्यावर. म्हणजे मोठे किडे दिसायची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो.

जात पक्की हवीच असेल तर लॅबशिवाय इलाज नाही. तिथं पिल्लू स्लाइडवर घेऊन केसांची लांबी, अंगावरच्या गडद पट्ट्या, पोटाच्या नवव्या खंडाच्या मागच्या काठावरचे दाते वगैरे बघतात, आणि तेही दुसऱ्या अवस्थेचं पिल्लू असेल तर जमतं, पहिल्या अवस्थेचं फार अवघड जातं. म्हणून ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत त्याच झाडावरची मोठी पिल्लं आणि पंखवाले किडे दोन्ही टाका, चिठ्ठीवर पीक आणि शेंड्यातून घेतले की फुलातून तेही पेन्सिलनं लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.