सूत्रकृमी तपासणी, वर्धा रोड, नागपूर: बटाटा लावणाऱ्यांनी करून घ्यावीच

नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, सामू कळतो. मुळं पोखरणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक जीव, त्यात कळत नाहीत, ती तपासणी वेगळी सांगावी लागते. वर्धा रोडवरच्या या खाजगी प्रयोगशाळेत ती होते आणि मनापासून होते.

नमुना कसा घ्यायचा ते फोनवरच सांगतात. वावरात नागमोडी चालत, वरचा कोरडा थर बाजूला सारून, 15 ते 20 सेंमी खोलीवरची माती ठिकठिकाणी घ्यायची. सगळी मिसळून त्यातली पाव किलो पन्नीत बांधायची, सावलीत ठेवायची, लवकर पोचवायची. वाळवायची अजिबात नाही, कारण या पद्धतीत जिवंत सूत्रकृमीच मातीतून पाण्यात उतरतात, मेलेले मोजणीत येत नाहीत. माझ्यासमोर एकाची गाडीच्या डिक्कीत तापलेली माती त्यांनी परत केली. पैसे घेऊन खोटा आकडा दिला नाही, मला ते फार पटलं.

तपासणाऱ्या ताईंनी मला आत बोलावलं. चाळलेली माती पातळ कागदावर, कागद जाळीवर, खाली फनेल आणि नळीला चिमटा. दुसऱ्या दिवशी नळीतलं थेंबभर पाणी काचेवर घेऊन म्हणाल्या, "काका, बघा." केसाहून बारीक, पारदर्शक, वळवळणारे जीव! त्यातले मूळगाठीचे, म्हणजे मुळांवर गाठी आणणारे, कोणते आणि कुजकं खाऊन जगणारे निरुपद्रवी कोणते, हे त्यांनी वेगळं करून दाखवलं. अहवालातही तशीच वेगळी मोजणी असते. ती नसेल तर नुसत्या एकूण आकड्याला अर्थ नाही.

माझ्या वावरात मूळगाठीचे बरेच निघाले. आधी तिथे टमाटर होतं आणि उपटताना मुळांवर गाठी दिसल्याच होत्या. अशा जागी बटाटा लावला की सालीवर फोडं येतात, कंद कापला तर सालीखाली तपकिरी ठिपके. कळमन्याच्या बाजारात असा माल कोण घेईल?

ताईंच्या सल्ल्याने एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून वावर उन्हात तापू दिलं. पावसाळ्यात टमाटर, वांगं, मिरची, भेंडी टाळून झेंडू लावला. फुलं दसऱ्याला सीताबर्डीच्या फुलबाजारात गेली, मग निंबोळी ढेप टाकून बटाटा. लागवडीआधीच्या फेरतपासणीत आकडा खूप उतरला होता. जुनी माणसं अजून फोरेट हे कीटकनाशक मागतात. ते 2020 संपल्यापासून देशात बंद आहे, शोधत फिरू नका.

शेजारच्या संत्र्याच्या बागेतले सूत्रकृमी वेगळे, ते बटाट्याला लागत नाहीत, हेही इथेच कळलं. बटाट्याच्या पुटी सूत्रकृमीची (मुळांवर दाण्यासारख्या पुटी करणारी वेगळी जात) तपासणी मात्र इथे होत नाही आणि तसं ते स्पष्ट सांगतात. तो थंड डोंगरी भागातला, 1961 मध्ये निलगिरीत सापडलेला, 2018 मध्ये हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरमध्येही आढळला. म्हणून पहाडी बेणं कुठून आलं ते विचारूनच घ्या.

तक्रार एकच. अहवाल पूर्ण इंग्रजीत येतो. शेतकऱ्याच्या हातात द्यायचा कागद मराठीत हवा, मी तसं लिहूनही दिलं आहे. आणि नमुना शनिवारी नेऊ नका. रविवारी बंद असतं, माती तशीच पडून राहते.