पॉन्टून बोटीचे सामान: स्वस्त वस्तू खऱ्या, महाग वस्तू खोट्या

वडोदऱ्यात हौशी बोटींच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या एका माणसाने आमच्या कुटुंबाकडून सुमारे पावणेदोन लाख रुपये घेतले आणि त्यातील बहुतेक रकमेच्या बदल्यात नाव एक व वस्तू दुसरी असा माल गळ्यात बांधला. तक्रार ग्राहक आयोगासमोर असल्यामुळे दुकानाचे आणि मालकाचे नाव येथे देत नाही. त्याने हे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या युक्तीने केले ते मात्र सविस्तर लिहितो, कारण सोलर, इन्व्हर्टरची बॅटरी, प्लाय किंवा जिन्याचे रेलिंग घेणाऱ्या कोणालाही हीच पद्धत वापरून फसवता येईल.

माझ्या मावसभावाचे वडोदरा जिल्ह्यातील सावली तालुक्यात शेत आहे आणि शेतात बऱ्यापैकी मोठे खाजगी तळे आहे. घरच्या माणसांना संध्याकाळी संथपणे फिरता यावे, म्हाताऱ्यांनाही खुर्चीवर बसून येता यावे, म्हणून त्याने पॉन्टून बोट करून घेतली. पॉन्टून म्हणजे दोन लांब बंद नळकांड्यांवर ठेवलेला सपाट तराफा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मिनेसोटामध्ये अ‍ॅम्ब्रोज वीअरिस नावाच्या शेतकऱ्याने पोलादी पिंपे एकमेकांना जोडून त्यांवर लाकडी फळ्या ठोकल्या, तेथून या बोटी लोकप्रिय झाल्या. आमची अ‍ॅल्युमिनियमची नळकांडी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारागिराने जोडून दिली आणि त्याच्या कामाबद्दल आजही तक्रार नाही. बोट अशी सोपी असल्यामुळे तिचा खरा खर्च वरच्या सामानात असतो. छत, जमीन, रेलिंग, शिडी, दिवे, मोटर, बॅटरी, लाईफ जॅकेट या प्रत्येक वस्तूत एक स्वस्त प्रकार असतो आणि एक महाग, आणि दोहोंतील फरक बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. फसवणुकीला जागा मिळाली ती येथेच.

दुकानदार मराठी बोलणारा होता. दांडिया बाजारातील जुने वाडे, गणेशोत्सवाची मंडळे, कोणाचे आजोबा कोणत्या खात्यात नोकरीला होते, हे सगळे त्याला ठाऊक होते आणि पहिल्या भेटीतच तो मला ‘काका’ म्हणू लागला. आपल्या शहरात मराठी घरे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे असा माणूस पळून जाणार नाही असे समोरच्याला आपोआप वाटते, आणि या वाटण्याचा त्याने व्यवस्थित उपयोग करून घेतला. प्रथम आम्ही त्याच्याकडून किरकोळ सामान घेतले: नायलॉनचे दोर, काठावर घासू नये म्हणून लावायचे फेंडर, एक लहान नांगर, दोन वल्ही, एलईडीची पट्टी. हा सगळा माल चोख निघाला आणि भावही बाजारापेक्षा थोडा कमीच होता. एका फेंडरची हवा गळत होती, तर त्याने दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून तो बदलून दिला. स्वस्त वस्तूंवरचा हा प्रामाणिकपणा पुढच्या खरेदीसाठी टाकलेले आमिष होते, हे नंतर त्याच्याकडून माल घेतलेल्या आणखी दोन कुटुंबांशी बोलल्यावर समजले. त्यांच्याही बाबतीत पहिली खरेदी निर्दोष होती आणि तक्रार येताच एखादी वस्तू हसतमुखाने बदलून मिळाली होती.

त्यानंतर त्याने मोठी यादी पुढे केली. रेलिंग आणि शिडी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, म्हणजे समुद्रात गेलात तरी गंज येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. गोड्या पाण्याच्या तळ्यासाठी ३०४ ग्रेड पुरेसा असतो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्याचा खरा उपयोग खाऱ्या पाण्यात होतो, तेव्हा ही भीतीच मुळात अनाठायी होती. पण अधिक मोलाची गोष्ट त्याने केलेल्या परीक्षेची आहे. त्याने खिशातून चुंबक काढले, पाइपाला लावले, ते चिकटले नाही, आणि ‘काका, लोखंड असते तर चिकटले नसते का?’ असे विचारले. लोखंड ओळखायला ही परीक्षा ठीक आहे, ग्रेड ओळखायला ती निरुपयोगी आहे, कारण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पाइप वाकवलेला असेल तर त्या वाकणावर चुंबक किंचित ओढ दाखवू शकते. पावसाळ्यात आमच्या रेलिंगवर वेल्डिंगच्या आसपास तांबूस डाग आले, तेव्हा एक तुकडा मकरपुऱ्यातील चाचणी प्रयोगशाळेत दिला. अहवालात मॉलिब्डेनम नावापुरते आणि मँगनीज भरपूर आढळले, म्हणजे आमच्याकडून ३१६ चे पैसे घेऊन २०२ लावलेले होते. ही तपासणी वस्तू घेण्यापूर्वी हातभर तुकड्यावरही होते आणि तिचा खर्च रेलिंगच्या किमतीपुढे अगदी क्षुल्लक असतो. भंगाराचे मोठे व्यापारी तर पिस्तुलासारखे यंत्र धातूवर धरून काही सेकंदांत ग्रेड सांगतात.

सर्वांत मोठी रक्कम गेली ती बॅटरीत. इलेक्ट्रिक मोटरसाठी त्याने १२ व्होल्ट, १०० अ‍ॅम्पिअर-अवर क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्या दिल्या. अशी एक बॅटरी साधारण १० ते १३ किलो भरते, तर तेवढ्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी ३० किलोच्या आसपास जाते. माझ्या भाच्याला हे माहीत असल्यामुळे त्याने दुकानातच वजन करायला सांगितले, आणि काटा बरोबर ११ किलोंवर थांबला. पुढे तळ्याच्या मधोमध मोटर वारंवार बंद पडू लागली आणि घेतलेल्या वल्ह्यांचा उपयोग अपेक्षेपेक्षा लवकर झाला. ५५ पौंड जोराची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अ‍ॅम्पिअर ओढते, आणि या बॅटरीतील संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते ३० अ‍ॅम्पिअरच्या वर गेले की पुरवठा तोडत होते. भाच्याने बॅटरी पूर्ण भरून तिच्यावर २० अ‍ॅम्पिअरचा स्थिर भार लावला. १०० अ‍ॅम्पिअर-अवरच्या बॅटरीने पाच तास चालायला हवे होते, ती दोन तासांतच उतरली. वरचे झाकण काढल्यावर आत दंडगोल सेलचा लहानसा जुडगा निघाला आणि उरलेल्या जागेत वजन भरण्यासाठी वाळूची पिशवी चिकटवलेली निघाली. वजनाची परीक्षा कोणीतरी घेणार हे बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेले होते, तेव्हा भार लावून वेळ मोजणे हीच एक परीक्षा तेथे टिकते. ही परीक्षा दुकानातच मागावी. दुकानदार पाच तास थांबायला तयार नसेल, तर उरलेली रक्कम परीक्षेनंतर देण्याचे लेखी ठरवावे.

झाकण उघडल्यामुळे वॉरंटी संपली, असे उत्तर त्याने लगेच दिले, म्हणून दुसरी बॅटरी आम्ही न उघडता तशीच ठेवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ज्या मालातील दोष चाचणीशिवाय ठरत नाही, त्याचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला आहे, त्यामुळे वस्तू अखंड असणे फार महत्त्वाचे ठरते. वॉरंटी कार्डाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कार्डावर छापलेला क्यूआर कोड कंपनीच्या संकेतस्थळाकडे नेत असेल असे कोणालाही वाटेल, पण आमच्या कार्डावरचा कोड थेट त्याच दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जात होता.

सोलर पॅनेलचा खोटेपणा तर फूटपट्टीनेच पकडता आला. पॅनेलची क्षमता प्रति चौरस मीटर १००० वॅट सूर्यप्रकाश गृहीत धरून ठरवतात आणि बाजारातील चांगले पॅनेल त्यातील साधारण २० ते २२ टक्के प्रकाशाची वीज करते, म्हणजे एका चौरस मीटरमागे फार तर २२० वॅट. आमच्या ‘२०० वॅट’च्या पॅनेलचे क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरपेक्षा जेमतेम जास्त होते, आणि मागचे लेबल नखाने सोलले तेव्हा खाली १०० वॅटचे जुने लेबल होते. जमिनीसाठी दिलेल्या मरीन प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का होता; शिक्क्यातील सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घातला तर असा परवानाच सापडला नाही. मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक त्याने दुकानाच्या काउंटरवर दिले होते आणि पडद्यावर मासे पोहताना पाहून घरातील मुले खूश झाली होती. पाण्याचा थेंब नसलेल्या काउंटरवर मासे कोठून आले, याचा उलगडा यंत्रातील नमुना-चित्रफितीने पुढे केला. बोटीचा धातू गंजू नये म्हणून त्याऐवजी स्वतः झिजणारे, गोड्या पाण्यासाठी त्याने दिलेले जस्ताचे अ‍ॅनोडही चुकीचे होते, कारण जस्त समुद्राच्या पाण्यात काम करते आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियम लावतात. यात लबाडी किती आणि अज्ञान किती, हे मात्र मी ठरवू शकलो नाही.

पैसे बुडाल्याचा राग ओसरतो. लाईफ जॅकेटांचा ओसरलेला नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी याच शहरात हरणीच्या मोटनाथ तळ्यात सहलीला आलेल्या शाळेची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते. त्यानंतर वडोदऱ्यात कोणीही लाईफ जॅकेटच्या नावाने खोटा माल विकू शकेल, अशी माझी कल्पना नव्हती. दुकानदाराने साधे जॅकेट बाजूला सारून ‘मुलांच्या जिवापुढे पैशाकडे बघू नका’ असे सांगत महागडे, १०० न्यूटनचे जॅकेट दाखवले. शंभर न्यूटन म्हणजे पाण्यात सुमारे १० किलो वजन वर धरून ठेवण्याइतका जोर. आम्ही गच्चीवरील टाकीत एका जॅकेटला लोखंडी वजने बांधली. लोखंडाचेही पाण्यात सुमारे आठव्या हिश्शाने वजन घटते, तो हिशेब धरूनसुद्धा जॅकेट निम्म्याहून कमी भारालाच खाली गेले. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर तर ते पाणी पिऊन जड झाले. शिवण उसवली तेव्हा आत टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तसल्या पातळ फोमचे तुकडे आणि चिंध्या होत्या. इतर कोणतीही वस्तू घेताना कोणी ही खटपट टाळली तरी चालेल; जॅकेट मात्र घरी आणल्यावर पहिल्या दिवशी टाकीत बुडवून पाहिल्याशिवाय कोणाच्याही अंगावर चढवू नये, आणि लहान मुलांच्या मापाचे वेगळे तपासावे.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण आमच्या बाजूचा सर्वांत कच्चा दुवा तेथे आहे. बिलावर त्याने ‘बोट अ‍ॅक्सेसरीज, १ सेट’ एवढेच लिहिले. ग्रेड, क्षमता, वॅट, न्यूटन यांपैकी एकही शब्द त्यात नाही, त्यामुळे ३१६ कबूल केले होते हे सिद्ध करण्यासाठी आज आमच्याकडे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि त्याने पाठवलेला यादीचा फोटो आहे. तो तोंडी फार बोलत असे आणि लेखी फार थोडे देत असे. यूपीआयची निम्मी रक्कम त्याने दुसऱ्याच नावाच्या वैयक्तिक खात्यावर घेतली, ‘जीएसटी वाचेल’ असे सांगून. बिलावरील जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचाच आणि १५ अक्षरांचा होता, पण जीएसटीच्या संकेतस्थळावर तो शोधल्यावर आमच्या खरेदीच्या आधीच नोंदणी रद्द झालेली दिसली. हा शोध कोणालाही मोफत, मोबाइलवर, दुकानातील खुर्चीवर बसल्या बसल्या घेता येतो.

आम्ही प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने तेथे उत्तरच दिले नाही, म्हणून ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात गेलो. मालासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नोटीस पोहोचल्यावर तो एकदा मावसभावाच्या घरी आला आणि निम्मी रक्कम रोख परत देण्याची तयारी दाखवली. अट अशी की ‘संपूर्ण माल ठरल्याप्रमाणे मिळाला, कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून द्यावे आणि जॅकेटे त्याच्या हवाली करावीत. आम्ही ते नाकारले. उसवलेले जॅकेट, न उघडलेली बॅटरी आणि प्रयोगशाळेचा अहवाल आमच्याजवळ आहे.

दरम्यान त्या दुकानावरची पाटी उतरली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला फार्महाउसच्या सामानाचे एक नवे दुकान निघाले आहे, त्यावर वेगळे नाव आहे आणि वेगळ्या व्यक्तीची नोंदणी आहे, पण जाहिरातीतील मोबाइल क्रमांक तोच जुना आहे आणि पहिल्या खरेदीवर दोर व फेंडर स्वस्तात मिळतील असे तीत छापलेले आहे.