मॅक्सवेल फूड सेंटर, सिंगापूर: चिकन राइससाठी जावंच

चायनाटाउनमधल्या या हॉकर सेंटरमध्ये (एकाच छपराखाली खाण्याचे स्वस्त स्टॉल) हैनानीज चिकन राइस खाताना लक्ष भातावर ठेवा. तांदूळ कोंबडीच्या चरबीत आलं-लसणासोबत परततात, मग पांदान या झाडाची सुवासिक पानं घालून कोंबडीच्याच पाण्यात शिजवतात. म्हणून दाणा मोकळा, चकचकीत आणि नुसताही खावासा वाटतो. (अर्थात ‘चिकन नको, फक्त भात द्या’ ही शाकाहारी सोय नव्हे.) कोंबडी खळखळ न उकळता मंद आचेवर शिजवून बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे मांस रसदार राहतं आणि कातडी तुकतुकीत, लिबलिबीत होते. तुकडे कोमटच मिळतात, तसेच खावेत. चव सपक वाटली तर लिंबू पिळलेली लाल मिरचीची चटणी सढळ हातानं घ्या. ती अप्रतिम असते.

कॉफी मागताना नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली येते. ‘कोपी ओ’ बिनदुधाची, पण गोड. साखरही नको असेल तर ‘कोपी ओ कोसोंग’.

टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की जागा धरलेली समजा. जेवल्यावर ट्रे परत ठेवणं २०२१पासून सक्तीचं आहे, नाहीतर दंड होऊ शकतो. दुपारी बारानंतर कचेऱ्यांची गर्दी उसळते, त्याआधीच पोहोचा आणि सुटे डॉलर जवळ ठेवा.