फोटोसाठी उपवन की तलावपाळी? आधी पाठीमागचं बघा

साखरपुड्याचे किंवा घरच्यांचे फोटो काढायचे ठरले की ठाण्यात उपवन तलाव आणि तलावपाळी (मासुंदा तलावाचा काठ) ही दोन नावं हमखास निघतात. पाणी दोन्हीकडे आहे. पण माणसाच्या पाठीमागे जे येतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उपवनला पाठीशी येऊरचे डोंगर. ते तलावाच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं, आणि पाऊस सरला की मागे सलग हिरवा रंग मिळतो. चेहरा त्यावर उठून दिसतो. संध्याकाळी मात्र सूर्य त्याच डोंगरांआड जातो. मग आकाश झगझगीत आणि चेहरे काळे. म्हणून उपवनला जायचं तर सकाळीच. तिथे एकच गोष्ट सांभाळा: फोन डोळ्यांच्या उंचीवर धरलात, तर पलीकडच्या काठाची रेघ उभ्या माणसाच्या डोक्यातून किंवा गळ्यातून जाते. गुडघे वाकवून फोन कमरेपर्यंत खाली आणा, की रेघही कमरेपाशी उतरते आणि डोक्यामागे नुसता डोंगर उरतो.

तलावपाळीला चहूबाजूंनी रस्ता. दिवसा रिक्षा, फलक, विजेचे खांब सगळं फ्रेममध्ये घुसतं. फोनच्या झूममध्ये १एक्स सोडून २एक्स किंवा ३एक्स घ्या आणि तेवढं मागे सरका. माणूस तेवढाच दिसतो, मागचा पसारा निम्म्याहून कमी होतो. मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडवर फार भिस्त ठेवू नका, मोकळ्या केसांच्या कडा तो खातो. कॅमेरा असेल तर मागचं खरोखर धूसर करणारी ५० मिमीची एफ/१.८ लेन्स लावा.

पण सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं तलावपाळीला तोड नाही. आकाशात निळा रंग टिकून असतो, दिवे लागलेले असतात, पाण्यात त्यांच्या थरथरत्या रेघा उतरतात. व्हिडिओत गडकरी रंगायतन नाट्यगृह किंवा तलावामधलं महादेवाचं देऊळ मागे आलं, की हे ठाणं आहे हे सांगावं लागत नाही. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वेगळ्या शटरवर दिवे लुकलुकतात. बोलणाऱ्याच्या कानामागून सतत गाड्या जाणार नाहीत अशी जागा शोधा. हलतं काही दिसलं की नजर तिकडेच जाते.

माझं मत: फोटो हवेत तर उपवन, व्हिडिओ हवा तर तलावपाळी. सोबत आजी-आजोबा असतील तर फोटोंसाठीही तलावपाळीच धरा, स्टेशनपासून जवळ पडते.