नवी पेठेतले विमा सल्लागार: फॉर्म भरण्याआधीच खरं काम

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्यांचा आरोग्य विम्याचा क्लेम नाकारला गेला. बीपीची गोळी फॉर्मवर लिहिलीच नव्हती. "लिहू नका, हप्ता वाढेल," असं त्यांच्या एजंटनेच सांगितलेलं. ते बिल भरताना बहिणीचे हाल मी पाहिलेत. म्हणून यंदा आमच्या घरच्या पॉलिसीसाठी सोलापुरातल्या नवी पेठेतल्या एका सल्लागारांकडे गेलो.

त्यांनी हप्त्याचा आकडा आधी काढलाच नाही. आईचे शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, २०१९ च्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, सगळं मागितलं. कार्ड शेवटी आईच्या ट्रंकेत साड्यांखाली सापडलं. मग त्यांनी समजावलं: जुन्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने, आणि पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीचा, हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणून आईची पॉलिसी वेगळी घ्यायला लावली. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते, हे मला पहिल्यांदाच कळलं. होटगी रोड, सात रस्ता भागातली कोणती हॉस्पिटलं कॅशलेसमध्ये आहेत, म्हणजे कुठे बिल थेट विमा कंपनी भरते, तेही समोर बसून तपासलं.

एकच तक्रार. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला जिना चढवणं जड गेलं. सांगितल्यावर सहीसाठी ते स्वतः घरी आले.