शनिवारच्या तासासाठी ‘लव्ह अँड डान्सिंग’

‘लव्ह अँड डान्सिंग’ हा १९८२चा अल्बम सध्या माझ्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त वाजतो. पुण्यातल्या एका कम्युनिटी रेडिओवर मी शनिवारी रात्री तासभर नाचाचं संगीत लावते. त्या तासाचा मोठा भाग आता रीमिक्स अल्बमांनी घेतलाय. सुटं एखादं रीमिक्स सगळेच लावतात. मी बोलतेय ते अख्ख्या अल्बमांबद्दल: एकाच बँडची गाणी, एकाच माणसाने सोडवून पुन्हा रचलेली, पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत. या प्रकारातला कुठला अल्बम आधी घ्यावा असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर हाच अल्बम असं ठरलेलं आहे, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते.

बँडचं नाव द ह्यूमन लीग, गाव इंग्लंडमधलं शेफील्ड. ऑक्टोबर १९८१मध्ये त्यांचा ‘डेअर’ हा अल्बम आला. त्यातलं ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ त्या वर्षीच्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतही पहिलं आलं. ‘डेअर’चा निर्माता मार्टिन रशेन्ट. त्याआधी त्याने द स्ट्रँगलर्स आणि बझकॉक्ससारख्या गिटारवाल्या बँडचं काम केलं होतं. आता बर्कशरमधल्या त्याच्या जेनेटिक स्टुडिओत सिंथेसायझर होते, आकडे भरून सूर वाजवून घ्यायचा रोलँडचा मायक्रोकंपोझर होता आणि खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं लिन कंपनीचं यंत्र होतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेचं काम रशेन्टच्या कानावर पडलं. दोन टर्नटेबलांवर चालू गाण्याचे तुकडे पुढे-मागे करून नवी चाल उभी करण्याची ती रीत त्याला भिडली, आणि त्याने ‘डेअर’च्याच टेप काढून त्यांचा हा अल्बम केला. जुलै १९८२मध्ये तो बाहेर आला. आवरणावर बँडचं नाव बदललेलं आहे: द लीग अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा. अमेरिकी गायक बॅरी व्हाइटच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राला केलेला हा सलाम. ब्रिटनच्या यादीत अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ज्यात गाणारा जवळजवळ गातच नाही अशा अल्बमासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

आठ ट्रॅक, एकूण पस्तीसेक मिनिटं. पहिला ‘हार्ड टाइम्स’. हे गाणं ‘डेअर’वर नव्हतं, ‘लव्ह अ‍ॅक्शन’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. इथे ते वाहत वाहत थेट ‘लव्ह अ‍ॅक्शन’मध्ये शिरतं. ही जागा हेडफोनवर ऐका. आधी नुसता ठेका आहे, त्यावर एकेक सूर येऊन बसतो, आणि नवं गाणं नेमकं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. मूळ गाण्यात बँडचा गायक फिल ओकी याचा भारदस्त आवाज सगळ्यांच्या पुढे उभा असतो. तो बाजूला झाला की मागे किती बारीक काम चाललं होतं ते कळतं: दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत टोचलेला एक टिपका, डावीकडून उजवीकडे सरकणारी टाळी, बेसच्या ओळीखाली आणखी एक पातळ ओळ. ‘डेअर’ मी पुष्कळ ऐकला आहे. तरी हे थर मला या अल्बमाने दाखवले.

मग येतं ‘डोन्ट यू वॉन्ट मी’. मूळ गाणं चार मिनिटांच्या आतलं आहे. त्यात तो आणि ती आपापली बाजू मांडतात आणि भांडण तसंच राहतं. इथे ते सात मिनिटांच्या पुढे जातं आणि भांडण काढून टाकलेलं आहे. उरते ती सुरुवातीची ओळखीची धून. रशेन्ट ती लगेच खर्च करत नाही. दाखवतो, झाकतो, प्रतिध्वनीत बुडवतो, ठेका एकटा पळू देतो आणि मग परत आणतो. ठाऊक असलेल्या गाण्याची वाट बघायला लावणं हे फार अवघड काम आहे. इथे ते कमालीच्या संयमाने केलंय.

आवाज अडखळतो, एकच अक्षर ठोक्याबरोबर तीन-चारदा उमटतं, झांजेचा तुकडा मध्येच चिरला जातो. आज हे कुठल्याही लॅपटॉपवर दोन क्लिकमध्ये होतं. तेव्हा रशेन्टने ते बरंचसं टेप हाताने कापून आणि जोडून केलं. पूर्ण अल्बममध्ये असे जोड दोन हजारांच्या वर आहेत असं सांगितलं जातं.

आमच्या स्टेशनवर आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक काका मुलांना ध्वनिमुद्रण शिकवायला येतात. नाट्यसंगीत सोडलं तर बाकी संगीताच्या वाटेला ते जात नाहीत. मी कंट्रोल रूममध्ये हा अल्बम तपासत होते, तेव्हा ते दारातच थांबले.

“अगं, हे अडखळणं कशावर केलंय?”

“टेपवर, काका. ब्लेडने.”

“सगळं?”

“बरंचसं.”

ते खुर्ची ओढून बसले आणि कागदावर हिशोब मांडायला लागले. त्यांच्या काळी टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची. मिनिटाला १२० ठोके धरले, तर एका ठोक्याला पावणेचार इंच टेप लागते. ठोक्याचा चौथा भाग हवा असेल तर इंचभरसुद्धा नाही. मोठ्या स्टुडिओत टेप दुप्पट वेगाने पळवली, तरी तो तुकडा दोन इंचांच्या आतच राहतो. मग त्यांनी सांगितलं, भाषणातला एक खोकला काढायचा तर टेप हाताने पुढे-मागे फिरवून जागा शोधायची, पेन्सिलीने खूण करायची, तिरका काप द्यायचा म्हणजे जोडावर ‘टक्’ वाजत नाही, आणि मग चिकटपट्टी लावून नखाने दाबायची. हे सगळं एका खोकल्यासाठी. “आणि हा बाबा असे तुकडे ठेक्यात बसवतोय,” असं म्हणून त्यांनी तीच जागा पुन्हा लावायला सांगितली. मला हा अल्बम इतका जवळचा का वाटतो, ते त्यांच्या त्या कागदावर आहे. हे काम करणाऱ्याने ती गाणी जगात इतर कोणाहीपेक्षा जास्त वेळा, इंचाइंचाने ऐकली आहेत.

आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठी येते, आणि तिला कारण आहे. २००२ सालचं ‘काँटा लगा’ आठवा. मूळ गाणं १९७२च्या ‘समाधी’मधलं, राहुलदेव बर्मन यांचं संगीत, लताबाईंचा आवाज. नव्या गाण्यात तो आवाज नव्हता. ते दुसऱ्या गळ्याकडून गाऊन घेतलं होतं आणि वर नवा ठेका चढवला होता. त्या लाटेतली बहुतेक गाणी अशीच झाली, कारण कॉपीराइट कायद्याने चाल आणि शब्द पुन्हा ध्वनिमुद्रित करायची वाट मोकळी ठेवली होती. मूळ टेप मात्र कंपनीच्या कपाटातच राहायची. २०१२च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या वाटेने असं कव्हर करायचं, तर मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. पुन्हा गाऊन केलेलं सगळंच वाईट असतं असं मला वाटत नाही. बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या बॅली सागूचा १९९४चा ‘बॉलिवूड फ्लॅशबॅक’ही नव्या गळ्यांकडून गाऊन घेतलेला आहे, पण त्यातला बेस आणि त्यातली शांतता माझ्या मनात घर करून आहे. तरी पंचमदांच्या गाण्यांच्या सुट्या ट्रॅकवर कोणी रशेन्टसारखा माणूस वर्षभर बसला असता तर काय हाती लागलं असतं, हा विचार मला सोडत नाही. त्या गाण्यांमधलं तालाचं काम, श्वासांचे आणि बाटल्यांचे आवाज आपण कधी एकेकटे ऐकलेच नाहीत.

रेडिओच्या दृष्टीने पाहिलं तर हा अल्बम निवेदकासाठीच बनवल्यासारखा आहे. शब्द नसल्यामुळे त्यावर बोलता येतं, आणि तरी तो मागे वाजणारं भरताड संगीत वाटत नाही. ‘थिंग्ज दॅट ड्रीम्स आर मेड ऑफ’च्या सुरुवातीला मी माझी लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं निवेदन, टाकते: आवाज कमी-जास्त करायचा फेडर अर्ध्यावर, चार वाक्यं, आणि सिंथचा मुख्य सूर यायच्या आत तोंड बंद. लांब ट्रॅकमुळे पुढचं जुळवायला उसंत मिळते. वेग जवळपासचे असल्याने एकातून दुसऱ्यात जाताना ऐकणाऱ्याला धक्का बसत नाही. आणि सलग अल्बम लावला की ऐकणारा वेगळ्या तऱ्हेने बसतो. सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने मेसेज पाठवला की शब्द मध्ये येत नाहीत, पाय हलत राहतो आणि पानं उलटत राहतात. त्याच रात्री दुसऱ्या श्रोत्याने विचारलं, “ताई, गाणं कधी सुरू होणार?” त्यांना मी माइकवरून सांगितलं की सुरू झालंय, तुम्ही फक्त बेसकडे लक्ष द्या. पुढच्या शनिवारी त्यांनी ‘तेच बिनशब्दांचं’ मागितलं.

उणं आहे, ते मुख्यतः दुसऱ्या बाजूला. शेवटचे तीन ट्रॅक, ‘सेकंड्स’, ‘ओपन युअर हार्ट’ आणि ‘द साउंड ऑफ द क्राउड’, प्रत्येकी तीन मिनिटांच्या आत उरकतात. पहिल्या बाजूला जो श्वास होता तो इथे मिळत नाही. ‘सेकंड्स’चं तर नुकसानच झालंय. मूळ गाणं केनेडींच्या हत्येवर आहे आणि त्यातली भीती शब्दांमधून येते. शब्द गेल्यावर उरतो एक थंड, देखणा ठेका, ज्याला आपण कशाबद्दल आहोत हे माहीत नाही. ‘द साउंड ऑफ द क्राउड’ ज्या दणक्यात सुरू होतं त्या मानाने फार लवकर संपतं. त्याला आणखी तीन मिनिटं मिळाली असती तर अल्बमचा शेवट त्याच्या सुरुवातीइतका भक्कम झाला असता. मी पहिले पाच ट्रॅक सलग लावते आणि उरलेले सुटे वापरते.

यानंतर काय ऐकावं? पेट शॉप बॉइजचा १९८६चा ‘डिस्को’ जास्त गोड आणि जास्त गायलेला आहे. ज्यांना शब्दांशिवाय करमत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. मॅडोनाचा १९८७चा ‘यू कॅन डान्स’ सरळसरळ नाचायला बोलावतो आणि पार्टीत चालतो, पण एकट्याने ऐकताना मला तो लवकर पुरे होतो. मॅसिव्ह अटॅकच्या ‘प्रोटेक्शन’वरून मॅड प्रोफेसरने केलेला १९९५चा ‘नो प्रोटेक्शन’ मात्र वेगळ्याच जातीचा. जमैकाच्या डबची, म्हणजे गाणं काढून ठेका आणि प्रतिध्वनी पुढे आणण्याची रीत, खोल बेस, आणि आवाज लांबच्या दरीत पडल्यासारखे. मी तो कार्यक्रमाच्या शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवते.

विकत घ्यायचा असेल तर ‘डेअर’ आणि ‘लव्ह अँड डान्सिंग’ दोन्ही एकाच सीडीवर असलेली आवृत्ती शोधा. जुन्या सीडी विकणाऱ्यांकडे ती अधूनमधून येते. मूळ गाणं आणि त्याचं सोडवलेलं रूप लागोपाठ ऐकण्यात खरी मजा आहे, आणि ती सोय याच आवृत्तीत आहे. रेकॉर्ड मिळाली तर बेस आणखी भरून येतो, पण घेण्याआधी पहिली बाजू वाजवून बघा, कारण लोकांनी तीच झिजवलेली असते. मोबाइलवर ऐकणार असाल तर छोट्या स्पीकरवर अर्धा अल्बम हरवतो, हेडफोन लावा. आणि अ‍ॅपमधलं क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना पुढचं आपोआप त्यात मिसळणं, बंद करा, नाहीतर ‘हार्ड टाइम्स’मधून ‘लव्ह अ‍ॅक्शन’मध्ये जाण्याची रशेन्टने घडवलेली ती जागा अ‍ॅप आपल्या मनाने बुजवून टाकेल.